पोपट ओरडतो तेव्हा तो काय सांगत असतो?

घरात पोपट आला की पहिले काही दिवस नुसते लाड चालतात. मुले शाळेतून आली की दप्तर टाकून आधी पिंजऱ्यापाशी धावतात. दादी त्याला सलाम शिकवू पाहते. शेजारची मुले बघायला येतात. दोन-तीन महिन्यांत चित्र बदलते. अम्मी स्वयंपाकघरात गेली की तो किंचाळतो, फोन आला की किंचाळतो, पाहुणे बसले की कोणाचे बोलणे कोणाला ऐकू येत नाही. दुपारी आजारी माणसाला झोप मिळत नाही, मुलांचा अभ्यास होत नाही, वरच्या मजल्यावरून तक्रार येते. मग पिंजऱ्यावर चादर पडते. पिंजरा गॅलरीत जातो. शेवटी पक्षी कोणाला तरी देऊन टाकला जातो, नाहीतर ‘जा, मोकळा हो’ म्हणून खिडकीतून उडवून दिला जातो.

पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याला बाहेर दाणा शोधता येत नाही. कावळा, घार, मांजर यांच्यापासून कसे वाचायचे हेही त्याला कोणी शिकवलेले नसते. त्याला असे ‘मोकळे’ करणे म्हणजे बहुतेक वेळा मरणाच्या दारी सोडणेच असते. हे सारे घडते ते ओरडण्यामुळे, आणि ते ओरडणे समजून घेतले तर बहुतेक घरांत पुष्कळ कमी करता येते.

त्यासाठी एक गोष्ट आधी मनात पक्की करावी लागते. पोपट आपल्याला छळण्यासाठी ओरडत नाही. तो हाक मारत असतो. ती हाक किती मोठी असावी आणि कितीदा मारावी, हे तो बऱ्याच अंशी आपल्याच वागण्यातून शिकतो.

(या लेखात पोपट म्हणजे आपल्याकडे पाळले जाणारे परदेशी पक्षी: सन कॉन्युर, बाजारात ज्याला ‘कॉकटेल’ म्हणतात तो कॉकाटिएल, आणि सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हटले जाणारे छोटे बजी. आपल्या हिरव्या देशी पोपटाबद्दल लेखाच्या अखेरीस वेगळे लिहिले आहे.)

थव्याचा पक्षी एकटा पडतो तेव्हा

पोपट थव्यात राहणारा पक्षी आहे. रानात दाणे टिपताना एक पक्षी या फांदीवर असतो, दुसरा पलीकडच्या झाडावर. पानांच्या गर्दीत एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून ते अधूनमधून हाक देतात, ‘मी इथे आहे, तू कुठे आहेस?’ समोरून उत्तर आले की दोघे निश्चिंत होतात. उत्तर आले नाही तर हाक मोठी होते. एकटा पडलेला पोपट शिकारी पक्ष्याच्या तावडीत सहज सापडतो, त्यामुळे ही हाक त्याच्यासाठी जगण्या-मरण्याची असते.

सन कॉन्युर मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या गयाना आणि उत्तर ब्राझीलचा. त्याची हाक दूरवर पोहोचणारी, कर्कश. मोकळ्या रानात ती योग्यच, पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये तीच कानठळ्या बसवते. आपण घरी आणलेल्या पक्ष्याचा थवा म्हणजे आपणच. आपण दाराआड गेलो की त्याच्या दृष्टीने थवा नाहीसा झाला. तो हाक मारणारच.

या हाका पक्षी शिकतात कशा, यावर २०११ साली एक सुंदर संशोधन प्रसिद्ध झाले. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे कार्ल बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हेनेझुएलातल्या चिमणीएवढ्या हिरव्या रानपोपटांच्या घरट्यांत कॅमेरे बसवून त्यांचे आवाज टिपले. प्रत्येक पिल्लाची हाक वेगळी होती, जणू त्याचे नावच. काही घरट्यांतली अंडी संशोधकांनी अदलाबदल केली होती. त्या पिल्लांच्या हाका जन्म देणाऱ्या आईबापांशी जुळल्या नाहीत, वाढवणाऱ्यांशी जुळल्या. म्हणजे पोपटाची हाक केवळ रक्तातून येत नाही, ज्यांच्या घरात तो वाढतो त्यांच्याकडून तो ती शिकतो. आपल्या घरातला पक्षीही आपल्याकडून शिकतो आहे, आपण शिकवत असू वा नसू.

सगळे ओरडणे सारखे नसते

पहाटे आणि दिवस मावळताना पोपट आवाज करणारच. वडाच्या किंवा पिंपळाच्या झाडावर मगरिबच्या सुमारास परतणाऱ्या हिरव्या पोपटांचा गलका आपण सगळ्यांनी ऐकला आहे. दिवस सुरू होताना आणि संपताना थवा एकत्र येतो, त्या वेळचा हा बोलका वेळ आहे. घरातला पक्षीही सकाळ-संध्याकाळ दहा-वीस मिनिटे गलका करत असेल, तर तो निरोगी पक्ष्याचा स्वभाव समजावा. तो बंद करायचा प्रयत्न करू नये. त्या वेळी आपणच त्याच्याशी बोललो, पिंजऱ्याबाहेर खेळवले, तर तो वेळ आनंदात जातो.

दुसरे ओरडणे भीतीचे. हे अचानक सुरू होते, पक्षी अंग आवळतो किंवा पंख फडफडवतो. खिडकीबाहेर घार घिरट्या घालत असते, कठड्यावर मांजर बसलेले असते, फटाके वाजतात किंवा कोणी नवी टोपी घालून समोर येते. कॉकाटिएल तर रात्री अंधारात दचकून पिंजऱ्यात आपटत राहतात. अशा वेळी कारण दूर करावे आणि हळू आवाजात बोलावे. रात्री दचकणाऱ्या पक्ष्याजवळ मंद दिवा ठेवला तर त्याला आधार मिळतो.

तिसरे कंटाळ्याचे. दिवसभर एकच दांडी, एकच वाटी, समोर भिंत. चौथे झोप अपुरी राहिल्याचे. पाचवे विणीच्या काळातले, जेव्हा पक्षी चिडका होतो आणि एखाद्या कोपऱ्यावर किंवा माणसावर हक्क सांगतो. सहावे दुखण्याचे. आणि सातवे, जे सर्वांत जास्त आढळते, ते आपणच शिकवलेले.

घर कसे ओरडायला शिकवते

समजा, भिवंडीतल्या एका घरात सन कॉन्युर आहे. अम्मी खोलीतून बाहेर गेली. पक्ष्याने हळूच शीळ घातली. कोणी लक्ष दिले नाही, कारण हळू आवाजाचा कोणाला त्रास नव्हता. त्याने जरा मोठ्याने हाक दिली. तरी कोणी आले नाही. मग तो किंचाळला, आणि अम्मी धावत आली, ‘अरे काय झालं, गप्प बस!’ अब्बांनी दुसऱ्या खोलीतून दम दिला. धाकट्याने येऊन त्याच्या वाटीत सूर्यफुलाच्या बिया टाकल्या.

आपल्या मते आपण रागावलो. पक्ष्याच्या मते अख्खा थवा एका हाकेत गोळा झाला, सगळ्यांनी मोठ्याने उत्तर दिले, वर खाऊही मिळाला. हळू शीळ फुकट गेली, किंचाळी फळाला आली. उद्या तो शीळ घालण्यात वेळ घालवणार नाही.

याहून अवघड प्रकार असा की घरातले कधी दुर्लक्ष करतात, कधी अर्ध्या तासाने कंटाळून जातात. तेव्हा पक्षी शिकतो की अर्धा तास चिकाटीने ओरडले की काम होते. कधीतरी मिळणाऱ्या फळाने लागलेली सवय रोज मिळणाऱ्या फळापेक्षा जास्त घट्ट बसते. मुलांच्या हट्टाचा अनुभव असलेल्या प्रत्येक आईला हे सांगायची गरज नाही.

आधी एक आठवडा वही

उपाय करण्यापूर्वी सात दिवस एक साधी नोंद ठेवा. तीनच गोष्टी लिहायच्या: ओरडणे सुरू होण्याच्या लगेच आधी काय झाले, तो किती वेळ ओरडला, आणि त्यानंतर घरातल्यांनी काय केले. मुलांना हे काम आवडते, त्यांच्यावर सोपवा. आठवड्याच्या शेवटी वही वाचली की बहुधा दोन-तीन वेळाच पुन्हा पुन्हा दिसतात. कोणी घराबाहेर पडताना, फोनवर बोलताना, मिक्सर लागल्यावर. पक्षी ‘दिवसभर’ ओरडतो असे जे वाटत होते ते खरे नसते, आणि कुठे हात घालायचा ते कळते.

हाकेला उत्तर द्या, किंचाळीला नको

पक्ष्याचा आवाज बंद करायचा नाही, बदलायचा आहे. त्याला हाक मारायचीच आहे, तर आपल्याला चालेल अशी हाक त्याला द्यावी.

एक छोटा आवाज निवडा. दोन सुरांची शीळ, जिभेची टिचकी किंवा ‘मिठू’ असा एखादा शब्द. शक्यतो पक्षी आधीपासून काढत असलेल्या आवाजांतलाच घ्यावा. तो हा आवाज काढील तेव्हा लगेच, दर वेळी, घरातल्या कोणीही उत्तर द्यावे. दुसऱ्या खोलीतून दिले तरी चालते. जवळ असाल तर एखादे बी किंवा गाजराचा तुकडा द्या. हळू हाकेला हमखास उत्तर मिळते हे कळले की ओरडण्याची गरज कमी होते.

खोलीतून बाहेर जाताना आपणच आधी आवाज द्या. त्याने शोधायला सुरुवात करण्यापूर्वी ‘मी इथेच आहे’ हे त्याला कळले पाहिजे. पहिल्यांदा अर्धा मिनिट बाहेर जा आणि तो शांत असतानाच परत या. मग एक मिनिट, मग पाच मिनिटे.

तो किंचाळू लागला तर उत्तर देऊ नका, त्याच्याकडे बघू नका, खोलीत जाऊ नका. तो श्वास घ्यायला थांबतो. ती शांतता पाच-दहा सेकंद टिकली की आत जा आणि प्रेमाने बोला. पुढे हळूहळू ही सेकंदे वाढवा. मात्र हा नियम भीतीने किंवा वेदनेने ओरडणाऱ्या पक्ष्याला लावू नये. म्हणूनच आधी कारण ओळखायचे.

इथे बहुतेक घरे एका टप्प्यावर हरतात. दुर्लक्ष सुरू केल्यावर पहिले काही दिवस ओरडणे वाढते. जे कालपर्यंत हमखास चालत होते ते आज का चालत नाही, म्हणून पक्षी अधिक जोर लावून बघतो. नेमके त्याच दिवशी कोणी तरी वैतागून धावले, तर त्या वाढलेल्या आवाजालाच फळ मिळते. तेव्हा सुरुवात करण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून ठरवा, शेजाऱ्यांनाही सांगा की काही दिवस आवाज वाढेल. शेजाऱ्याला आधी विश्वासात घेतले तर तो पुष्कळ सहन करतो. चार माणसांनी नियम पाळला आणि पाचव्याने मोडला, तर तो पाळला गेला असे होत नाही.

दिवस भरलेला हवा

रानातला पोपट दिवसाचे कित्येक तास अन्न शोधण्यात, सोलण्यात, फोडण्यात घालवतो. आपण वाटी भरून देतो, तो थोड्याच वेळात खाऊन मोकळा होतो. उरलेल्या दिवसाचे काय करायचे? त्याचे अन्न त्याला कमवू द्या. दाणे कागदात गुंडाळून द्या, मक्याचे कणीस सालासकट टांगा, कोथिंबीर-मेथीची जुडी पिंजऱ्याला बांधा, शेवग्याचा पाला द्या. हिरवी मिरचीही तो मजेत खातो, कारण तिखटाची आग पक्ष्यांना जाणवत नाही. पेरूची किंवा कडुलिंबाची, औषध न फवारलेली फांदी दिली तर साल सोलण्यात त्याची दुपार जाते. फक्त सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेला पक्षी लठ्ठ आणि अशक्त, दोन्ही होतो. गाजर, लाल भोपळा, पालेभाजी रोज हवी. चॉकलेट, अॅव्होकॅडो, चहा-कॉफी आणि खारट-तळलेले पदार्थ अजिबात नकोत. इफ्तारच्या ताटातली भजी प्रेमाने भरवणाऱ्या हातांनी हे ध्यानात ठेवावे.

झोप दहा ते बारा तास, अंधारात आणि शांततेत. रात्री अकरापर्यंत टीव्ही आणि पहाटे लगबग असलेल्या बैठकीच्या खोलीत ती मिळत नाही. रमजानमध्ये तर तरावीहनंतर घर उशिरापर्यंत जागे असते आणि सहरीला पुन्हा दिवे लागतात. त्या महिन्यात पक्षी चिडका झाला, जास्त ओरडू लागला, तर नवल नाही. पिंजरा संध्याकाळीच आतल्या, कमी वापराच्या खोलीत हलवावा. झाकायचे असेल तर पातळ सुती कापड, एक बाजू हवेसाठी उघडी.

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागून असावी. चारही बाजूंनी उघड्या ठिकाणी पक्ष्याला सतत पाठीमागची भीती असते. स्वयंपाकघराजवळ पिंजरा ठेवू नये. नॉन-स्टिक तवा फार तापला तर त्यातून निघणारा वायू पक्ष्याचा जीव घेतो. लोबान, ऊद, अगरबत्ती आणि डासांच्या कॉइलचा धूरही त्याच्या नाजूक श्वसनसंस्थेला सोसत नाही.

लाड करताना हात फक्त डोक्यावर आणि मानेवर फिरवावा. पाठीवरून, पंखांखालून कुरवाळले की पक्ष्याची विणीची वृत्ती जागी होते आणि चिडकेपणा वाढतो. खोकी, कपाटाचे अंधारे कप्पे यांत त्याला घुसू देऊ नये, तिथे तो घरटे समजून बसतो.

आणि सोबत. २०२३ साली अमेरिकेतली नॉर्थईस्टर्न विद्यापीठ व एमआयटी आणि स्कॉटलंडचे ग्लासगो विद्यापीठ यांच्या संशोधकांनी १८ पाळीव पोपटांना घंटी वाजवून दुसऱ्या पोपटाशी व्हिडिओ कॉल मागायला शिकवले. पक्षी घंटी वाजवत, पडद्यावरचे चित्र निवडत आणि पलीकडच्या पक्ष्याशी ‘बोलत’. म्हणून आपण पक्ष्याच्या हाती मोबाइल द्यावा असे नाही. पण मागण्याचा दुसरा मार्ग मिळाला की पोपट तो शिकतो, हे यातून नीट दिसते. आपल्या पक्ष्याला रोज तास-दोन तास पिंजऱ्याबाहेर, पंखा बंद करून, खिडक्या लावून, आपल्या सोबतीत मिळाले तरी तो पुष्कळ निवांत होतो.

हे करू नका

उलट ओरडू नका, पक्षी ते उत्तर समजतो. पिंजऱ्यावर हात आपटू नका. तोंडावर पाणी मारू नका, मग तो आंघोळीलाही घाबरेल. दिवसा शिक्षा म्हणून जाड चादर टाकू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोंडलेला पक्षी गुदमरतो, आणि शिकतो एवढेच की माणूस भयंकर असतो.

नेहमी शांत असलेला पक्षी एकाएकी ओरडू लागला, किंवा बडबड्या पक्षी अचानक गप्प झाला, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. पिसे फुगवून बसणे, खाणे सोडणे, श्वास घेताना शेपटी वरखाली हलणे, विष्ठा बदलणे, पिसे उपटणे ही दुखण्याची लक्षणे आहेत. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतात.

हिरव्या पोपटाबद्दल, आणि घेण्याआधी

आपला हिरवा पोपट आणि खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपट हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत. त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे, घरात ठेवणे गुन्हा आहे. ‘आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मिठू आहे’ हे कायद्यापुढे उत्तर नाही. बाजारात येणारी पिल्ले झाडाच्या ढोलीतून ओढून काढलेली असतात, आणि त्यांतली किती तरी पिंजऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच मरतात. घरात असा पक्षी असेल तर त्याला उडवून देऊ नका. महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून विचारा.

परदेशी पक्ष्यांपैकी सन कॉन्युर, आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा यांची नोंदणी आता सक्तीची आहे. २०२२ ची कायदादुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार ती ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. पक्षी घेताना विकणाऱ्याकडे कागद मागा. बजी आणि कॉकाटिएल यांना ही अट नाही.

आणि घेण्याआधी एकदा तो आवाज ऐका. ज्याच्याकडे कॉन्युर आहे त्याच्या घरी संध्याकाळी तासभर बसा. हा पक्षी वीस-पंचवीस वर्षे जगू शकतो. आज दहा वर्षांची असलेली मुलगी लग्न होऊन सासरी जाईल तेव्हाही तो घरात हाक मारत असेल. भिंती पातळ असतील, घरात तान्हे बाळ किंवा आजारी वडीलधारे असतील, तर बजीची जोडी बरी. त्यांची किलबिल चालू असते, पण ती शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे त्रास देत नाही.

हजरत अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाची, अबू उमैरची, हदीस आपल्याला माहीत आहे. त्याचा छोटा पाखरू मेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या लहानग्याची आपुलकीने विचारपूस केली. यावरून उलमांनी पक्षी पाळण्याची मुभा सांगितली. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही आपण लहानपणापासून ऐकतो. पहिलीतून मुभा मिळते, दुसरीतून तिची अट कळते. ज्याला आपण कोंडले, त्याचे दाणापाणी आपल्यावर आले. आणि पोपटासारख्या थव्यात राहणाऱ्या जिवाच्या बाबतीत सोबत हेही दाणापाणीच आहे.

पूर्ण मुका पोपट कोणालाच मिळणार नाही. सकाळ-संध्याकाळचा गलका राहील, दार वाजले की तो वर्दी देईल. पण दर हाकेला किंचाळण्याची सवय काही आठवड्यांच्या एकसारख्या वागण्याने सुटू शकते. आज संध्याकाळी तो हळूच शीळ घालील तेव्हा हातातले काम न सोडता, जिथे असाल तिथून, शीळ घालून उत्तर द्या. सुरुवात तिथूनच होते.